इन्योचा सातबारा

२०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीत १९,०१६ माणसे मोजली गेली. काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे २६,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट. एवढ्या मुलखात एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीही वस्ती नाही. कारण विचारायची मात्र कोणाला गरज वाटत नाही. ‘डेथ व्हॅली’ ज्या काउंटीत आहे तिथे राहणार कोण? ऊन, रेती, मीठ. विषय संपला.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कारण शोधायचे तर हवामानखाते सोडून नोंदणी कार्यालयात जावे लागते. इन्योतली सुमारे ९२ टक्के जमीन केंद्र सरकारची आहे: राष्ट्रीय उद्यान, राष्ट्रीय वने, भूव्यवस्थापन खात्याची माळराने, नौदलाचा चाचणी-प्रदेश. थोडी राज्याची. दोन टक्क्यांहूनही कमी जमीन खासगी मालकीची. आणि जवळपास चार टक्के, म्हणजे सुमारे अडीच लाख एकर, लॉस एंजेलिस शहराच्या पाणी व वीज खात्याच्या नावावर. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण सरकारच्या ९२ टक्क्यांत बहुतेक डोंगर आणि वाळवंट आहे. शहराचे चार टक्के म्हणजे खोऱ्याचा तळ, जिथे पाणी येते, माती आहे आणि गावे वसली आहेत. इन्यो किती वाढणार हे त्या चार टक्क्यांवर ठरते, आणि त्यांचा मालक साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर बसतो.

आधी भूगोल, कारण गैरसमज तिथून सुरू होतो. अलास्का-हवाई सोडले तर अमेरिकेतले सर्वांत उंच शिखर माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर) इन्योच्या पश्चिम सीमेवर आहे आणि सर्वांत खोल जागा, समुद्रसपाटीखाली ८६ मीटर असलेले बॅडवॉटर, इन्योच्या पूर्व भागात. दोघांत सरळ रेषेत १३६ किलोमीटर. पर्यटनाच्या पत्रकांना एवढे पुरते. पण या दोन टोकांमुळे एकाच काउंटीत दोन वेगळे मुलूख झाले आहेत, हे महत्त्वाचे. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेवाडा या पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात, त्यामुळे इंडिपेंडन्स या काउंटीच्या मुख्य गावी वर्षाला जेमतेम १२-१३ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि डेथ व्हॅलीत त्याच्याही निम्माच. मात्र सिएराच्या माथ्यावर थंडीभर बर्फ साचते. एप्रिल-मे पासून ते वितळते, पूर्व उतारावरून डझनावारी ओढे धावत सुटतात आणि ओवेन्स नदीला मिळतात. सुमारे १२० किलोमीटर लांबीचे ओवेन्स खोरे पावसावर जगत नाही, बर्फावर जगते. मे-जून-जुलै, म्हणजे नेमके पिकाला पाणी हवे तेव्हा ते येते, आणि धरण न बांधता येते. अशा जागेला वाळवंट म्हणणे म्हणजे सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या गावाला फक्त एप्रिलमध्ये पाहून दुष्काळी ठरवण्यासारखे.

इथल्या मूळ रहिवाशांना, पाय्यूट लोकांना, हे ठाऊक होते. त्यांनी खोऱ्याला दिलेल्या ‘पायाहूनाडू’ या नावाचा अर्थच वाहत्या पाण्याची जागा. बिशप ओढ्यावर ते दरवर्षी दगड, झुडपे आणि चिखलाचा बंधारा घालत, मैलोगणती पाट काढत आणि कंद देणाऱ्या रानवनस्पतींना पाणी देत. एक वर्ष उत्तरेचा पट्टा, पुढच्या वर्षी दक्षिणेचा, म्हणजे जमिनीला विसावा. पाणी वाटायला माणूस निवडलेला असे, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखा. हंगाम संपला की बंधारा मोडत आणि कोरड्या पडलेल्या पाटांतले मासे वेचत. नांगर नव्हता, बी पेरत नव्हते, म्हणून गोऱ्या मोजणीदारांनी हिला शेती मानले नाही. मग गुरे घेऊन आलेल्यांना खोरे ‘रिकामे’ दिसले यात नवल नाही. १८६१ पासून गुरांनी कंदांची कुरणे चरली, उपासमार झाली, लढाई झाली आणि १८६३ मध्ये सैन्याने जवळपास हजार पाय्यूट लोकांना पायी हाकत तेहोन किल्ल्याकडे नेले. काउंटी स्थापन झाली ती त्यानंतर, १८६६ मध्ये. खोरे रिकामे असल्याची कागदोपत्री पहिली नोंद झाली ती अशी.

पुढची चाळीस वर्षे भराभर सांगता येतील. सेरो गोर्दोची चांदी, तिची वाहतूक करायला ओवेन्स सरोवरावर १८७२ मध्ये सोडलेली ‘बेसी ब्रेडी’ ही आगबोट, त्याच वर्षीच्या २६ मार्चचा भूकंप (लोन पाइनमध्ये माणसे मातीच्या घरांखाली गाडली गेली, एकूण २७ बळी), १८८३ मध्ये आलेली अरुंद रेल्वे, डेथ व्हॅलीतून खेचरांच्या गाड्यांनी निघालेले बोरॅक्स. चांदी संपली तसे खाणवाले गेले, शेतकरी राहिले. १८७० मध्ये १,९५६ असलेली लोकसंख्या १९०० मध्ये ४,३७७ आणि १९१० मध्ये ६,९७४ झाली. हा वेग मरू घातलेल्या मुलखाचा नाही.

यानंतरचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. १९२० मध्ये इन्यो ७,०३१, १९३० मध्ये ६,५५५. त्याच दहा वर्षांत लॉस एंजेलिस शहर ५ लाख ७६ हजारांवरून १२ लाख ३८ हजारांवर गेले आणि कॅलिफोर्निया राज्य दोनतृतीयांशाने फुगले. राज्यभर माणसांचा लोंढा येत असताना एक बागायती खोरे मात्र आकसले.

ते कसे, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण इथे एक सोपी कहाणी तयार आहे: लॉस एंजेलिसने पाणी चोरले. कहाणी लोकप्रिय आहे, सिनेमावाल्यांच्याही आवडीची. पण चोरीचा आरोप सिद्ध होत नाही. कागद तपासले तर सगळी खरेदीखते कायदेशीर आहेत, पैसे मोजून दिलेले आहेत, आणि बऱ्याच शेतकऱ्यांना तेव्हाच्या शेतीच्या भावापेक्षा जास्त दर मिळाला. ‘चोरी’ म्हटले की शहराचे वकील आरामात जिंकतात. खरे दुखणे व्यवहाराच्या घडणीत आहे.

कॅलिफोर्नियात नदीकाठच्या जमिनीला नदीच्या पाण्याचा हक्क चिकटलेला असतो आणि पाटाचे पाणी पाट-कंपनीच्या शेअरवर मिळते. पाणी हवे असेल तर जमीन आणि शेअर घ्यावे लागतात. १९०५ मध्ये शहराचे माजी महापौर फ्रेड ईटन खोऱ्यात जमिनी घेत फिरत होते, तेव्हा केंद्र सरकारचे सिंचन खातेही तिथे प्रकल्पाची पाहणी करत होते. खात्याचे अधिकारी जोसेफ लिपिनकॉट एकीकडे सरकारी पगार घेत होते, दुसरीकडे शहराचे सल्लागार म्हणून मानधन. जमीन सरकारी कालव्यासाठी जाते आहे असा अनेक विकणाऱ्यांचा समज झाला. प्रकल्प गुंडाळला गेला, १९०६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने शहराला वहिवाटीचा हक्क दिला आणि ५ नोव्हेंबर १९१३ ला ३७५ किलोमीटर लांबीची जलवाहिनी सुरू झाली. अभियंता विल्यम मुल्हॉलंड यांनी एकही पंप न लावता, निव्वळ उताराने, पाणी शहरात नेले. अभियांत्रिकी म्हणून काम अव्वल होते, यात शंका नको.

घोळ झाला तो साठवणीत. खोऱ्याच्या वरच्या टोकाला लाँग व्हॅलीत मोठे धरण बांधले असते तर पावसाळी वर्षांचे पाणी कोरड्या वर्षांसाठी ठेवता आले असते. शहर आणि शेतकरी दोघांचे भागले असते. पण ती जमीन ईटन यांच्याच ताब्यात होती, ते दहा लाख डॉलर मागत होते आणि मुल्हॉलंड द्यायला तयार नव्हते. दोन जुन्या मित्रांच्या भांडणात धरण अडकले. १९२० च्या दशकात अवर्षण आले तेव्हा शहरापाशी साठा नव्हता. तळ्यातले पाणी नाही म्हटल्यावर उरले शेतकऱ्यांच्या पाटातले.

१९२३ मध्ये मॅकनॅली पाटाचा सौदा झाला. पाटाची रीत महाराष्ट्रातल्या बागायतदाराला समजावून सांगायला नको: गाळ काढायचा खर्च शेअरप्रमाणे वाटलेला, आणि पाण्याचा जोर सगळ्यांच्या वाट्यावर टिकलेला. हेडच्या, म्हणजे पाटाच्या तोंडाकडच्या, बहुतेकांनी शेअर विकले की टेलच्याला, म्हणजे शेवटच्या टोकाच्याला, दोन संकटे येतात. पाटाची डागडुजी त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडते आणि थोडेसे पाणी लांबच्या पाटात झिरपूनच संपते. त्याची जमीन कोणी हिसकावलेली नसते. ती फक्त निकामी झालेली असते. आज नाही म्हणणारा पुढच्या वर्षी पडेल भावाने विकायला येतो. शहराने बुद्धिबळाच्या पटासारखी आड-एक शेते घेतली, आणि ते घेण्यात गावातलीच माणसे दलाल होती. मॅकनॅलीच्या सौद्यात पुढाकार घेणारे जॉर्ज वॉटरसन आणि शहराविरुद्ध शेतकऱ्यांची फळी उभारणारे बँकवाले विल्फ्रेड व मार्क वॉटरसन हे काका-पुतणे. भाऊबंदकीची ही तऱ्हा आपल्याला परकी वाटू नये.

मे १९२४ मध्ये जलवाहिनीला पहिला सुरुंग लागला. १६ नोव्हेंबरला लोकांनी अलाबामा गेट्सची दारे ताब्यात घेऊन पाणी जुन्या नदीपात्रात सोडले आणि चार दिवस तिथेच तळ ठोकला. बायका-मुले आली, जेवणावळी उठल्या. ऑगस्ट १९२७ मध्ये वॉटरसन बंधूंच्या बँका बुडाल्या, अफरातफरीच्या गुन्ह्यात दोघे तुरुंगात गेले, आणि ठेवीदारांबरोबर आंदोलनही बुडाले. १९३३ पर्यंत खोऱ्यातली ९५ टक्के शेतजमीन आणि ८५ टक्के गावठाणातली मालमत्ता शहराच्या नावावर चढली होती. गावठाणही का? शेतकरी गेल्यावर दुकानदार बुडाले आणि त्यांनीच शहराला म्हटले, आता आमचेही घ्या. पुढे त्यातली काही घरे-दुकाने शहराने परत विकली, पण पाण्याचा हक्क काढून घेऊन. सातबारा परत मिळाला, इतर हक्कांचा रकाना कोरा.

पाय्यूट लोकांचे तर दोनदा झाले. १९१२ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांच्या आदेशाने त्यांच्यासाठी सुमारे ६७ हजार एकर राखून ठेवले होते, ते १९३२ मध्ये रद्द करण्यात आले. नंतर १९३७ चा कायदा आणि १९३९ ची अदलाबदल: केंद्र सरकारने त्यांच्या विखुरलेल्या २,९०० हून अधिक एकरांच्या बदल्यात बिशप, बिग पाइन आणि लोन पाइन इथे शहराची सुमारे १,४०० एकर जमीन घेतली. पाण्याच्या हक्कांची अदलाबदल मात्र झाली नाही. शहराच्या सनदेनुसार पाण्याचा हक्क हस्तांतरित करायला शहराच्या मतदारांची दोनतृतीयांश संमती लागते. आकडे पाहा: लॉस एंजेलिस शहराची लोकसंख्या ३९ लाख, इन्योची १९ हजार. इन्योतल्या ओढ्याचे काय करायचे हे ठरवणाऱ्या मतदानात इन्योतल्या माणसाला मत नाही.

माझा सगळा युक्तिवाद या एका कलमाभोवती फिरतो. पाणी मोठ्या शहराने नेणे हा जगभर चालणारा व्यवहार आहे आणि ३९ लाखांना तहानलेले ठेवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पाण्यासाठी जमीन घेतली आणि मग पाण्यापुरता न थांबता त्या जमिनीचा जमीनदार होऊन बसले, यातून एक विचित्र सत्ता जन्माला आली. गावाने वाढावे की नाही, कुठे वाढावे, चारा कोणी पिकवावा, कोणाच्या खंडाची मुदत वाढवावी, हे ठरवणारी सत्ता निवडून येते दुसऱ्याच मतदारसंघातून.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मान्झनार. १९१० मध्ये सफरचंदाच्या बागांसाठी वसवलेले हे गाव, नावाचा अर्थही स्पॅनिशमध्ये सफरचंदाची बागच. शहराने जमिनी घेतल्या आणि १९२९ च्या सुमारास गाव उठले. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, लष्कराने तीच जमीन शहराकडून भाड्याने घेतली आणि जपानी वंशाच्या अमेरिकनांना तिथे तारेच्या कुंपणात डांबले. ३६ ब्लॉक, १०० फूट लांब, २० फूट रुंद बराकी, प्रत्येकीचे चार भाग, २० बाय २५ फुटांच्या खोलीत आठ-आठ माणसे. ऐन भरात १०,०४६ लोक तिथे होते. १९४० च्या जनगणनेत अख्ख्या इन्योची लोकसंख्या ७,६२५ होती. ज्या जमिनीवरून गाव उठले, तिथेच तेरा वर्षांनी काउंटीहून मोठी वस्ती उभी राहिली, शेफर्ड ओढ्याचे पाणी प्यायली, भाजीपाला पिकवू लागली. उठलेल्या गावाची नाशपाती आणि सफरचंदाची झाडे कैद्यांनी छाटून, पाणी देऊन पुन्हा फळाला आणली. वाळवंटाचा सिद्धांत तिथेच निकालात निघतो.

युद्धानंतर महामार्ग ३९५ वरून गिर्यारोहक, मासेमारीवाले आणि स्कीइंगवाले येऊ लागले, लोकसंख्या वाढली, १९८० मध्ये १७,८९५ झाली. आणि मग थांबली. पुढच्या चाळीस वर्षांत फक्त १,१२१ माणसांची भर. त्याच काळात कॅलिफोर्निया २ कोटी ३७ लाखांवरून ३ कोटी ९५ लाखांवर गेले. काउंटीत नगरपालिका असलेले एकमेव शहर बिशप, क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या आत, लोकसंख्या ३,८१९. शेजारी बिशप पाय्यूट राखीव क्षेत्र, ८७५ एकर, आणि बाकी चहूबाजूंना लॉस एंजेलिसची कुरणे. इस्पितळात परिचारिका हवी, शाळेत शिक्षक हवा, तर पगार देता येतो. घर कुठून द्यायचे? कुंपणापलीकडे मोकळे रान दिसते आणि विकत मिळत नाही.

यावर शहराचे समर्थक तीन मुद्दे मांडतात, आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला, शहराने जमिनी घेतल्या नसत्या तर खोऱ्यात आज पेट्रोल पंप आणि बंगल्यांच्या रांगा लागल्या असत्या. दुसरा, शहर कर भरते. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार हद्दीबाहेरच्या महापालिकेच्या जमिनीवर स्थानिक कर लागतो, त्यामुळे इन्योच्या तिजोरीला शहराकडून मोठी रक्कम मिळते. केंद्राच्या ९२ टक्क्यांबद्दल मिळते ती फक्त कराऐवजीची भरपाई. तिसरा, शहराचे खाते खोऱ्यात नोकऱ्या देते. दुसरा-तिसरा मुद्दा मान्य करून एवढेच म्हणता येईल की ज्याच्यावर कर बसवायचा तोच सर्वांत मोठा करदाता, मालक आणि रोजगारदाता असेल तर काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने वाटाघाटीला बसताना हात कितपत मोकळे असतात, याची कल्पना करावी.

पहिला मुद्दा मात्र खोडायला हवा, कारण तो फार गोड आहे. जमीन मोकळी राहिली म्हणजे निसर्ग राखला गेला, असे होत नाही. ओवेन्स सरोवर बघा. पाय्यूट भाषेत पात्सियाता. सुमारे २८० चौरस किलोमीटरचे खारे पाणी, ज्यावर आगबोट चालत होती, ते नदी वळवल्यावर १९२६ पर्यंत आटले. तळाशी राहिला सोड्याच्या क्षारांचा थर. त्याखाली खारट भूजल अगदी वर आहे, ते केशाकर्षणाने पृष्ठभागावर येत राहते. थंडीच्या दिवसांत हे क्षार स्फटिकात पाणी ओढून घेतात आणि फुगतात. दुपारी ऊन तापले की पाणी सोडतात. असे रोज फुगून-आक्रसून कडक पापुद्र्याची मैद्यासारखी भुकटी होते. वारा सुटला की आधी वाळूचे कण उड्या मारत पापुद्रा फोडतात आणि मग पांढरी भिंत उठते. पीएम-१०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या बारीक, धुळीची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम. सरोवराकाठी मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त धूळ मोजली गेली. एके काळी ही अमेरिकेतली एका जागेवरून उठणारी सर्वांत मोठी धूळ होती, आणि ती खाली केलर, ओलांचा, लोन पाइनच्या छातीत जात होती.

१९८३ च्या राज्याच्या कायद्याने ग्रेट बेसिन हवा-प्रदूषण नियंत्रण जिल्हा या प्रादेशिक यंत्रणेला शहराकडून उपाय करून घेण्याचा अधिकार मिळाला, अट एवढीच की शहराच्या पाणी नेण्याच्या हक्काला धक्का लागू नये. प्रत्यक्ष काम २००१ नंतर सुरू झाले. तीन मुख्य पद्धती: उथळ पाणी सोडणे, मिठागवत लावणे, खडी अंथरणे. पाणी सोडायचे तर जवळपास तीनचतुर्थांश पृष्ठभाग ओला ठेवावा लागतो, तेव्हा धूळ ९९ टक्के बसते. खडीचा थर चार इंची. तो टिकतो, पण खालची माती वर येऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागते आणि त्यावर काही जगत नाही. गवताला ठिबक लागते, ठिबकची तोंडे क्षाराने बुजतात, आणि जमिनीतून मीठ आधी धुऊन काढले नाही तर गवत पिवळे पडते. पुढे जमीन नांगरून मोठे वरंबे काढण्याची बिनपाण्याची पद्धतही मान्य झाली. ढेकळे झिजली की पुन्हा नांगरायचे, नाही तर पाणी सोडायचे. सुमारे १२५ चौरस किलोमीटरवर हे सारे चालले आहे आणि खर्च दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे, लॉस एंजेलिसच्या पाणीपट्टीतून. फुकट मिळाले असे वाटलेल्या पाण्याची किंमत ऐंशी वर्षांनी, व्याजासकट. एक बरे झाले: उथळ पाण्यात माश्या आणि झिंगे वाढले, त्यांच्यामागे किनारपक्षी आले. म्हणजे आता हे पाणी बंद करणेही सोपे राहिलेले नाही.

शेजारच्या मोनो काउंटीतले मोनो सरोवर मात्र वाचले. १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व लावले, म्हणजे असे सरोवर राज्याने लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायचे, आणि १९९४ मध्ये राज्याच्या जलनियंत्रण मंडळाने पाण्याची पातळी ठरवून दिली. दोन्हीकडे तेच शहर, तशीच जलवाहिनी. मोनोत वाचवायला अजून पाणी शिल्लक होते, एवढाच फरक. ओवेन्स सरोवर आटून गेले तेव्हा असा कायदा कोणाच्या डोक्यातही नव्हता.

भूजलाची कथा तशीच, फक्त डोळ्यांना कमी दिसणारी. १९७० मध्ये दुसरी जलवाहिनी आली, ती भरायला विंधन विहिरींचा उपसा वाढला. खोऱ्यातली कुरणे पावसावर नव्हे, वर असलेल्या भूजलावर उभी होती. गवताची मुळे साधारण दोन मीटर जातात. पाणी त्याखाली गेले की गवत मरते, खुरटी झुडपे येतात, मग उघडी माती. झरे आटले. १९७२ मध्ये काउंटीने पर्यावरण कायद्याखाली दावा लावला आणि जवळपास वीस वर्षांच्या कज्जानंतर १९९१ मध्ये दीर्घकालीन करार झाला. करारात एक चांगली यांत्रिक कल्पना आहे: प्रत्येक विहीरक्षेत्राला वनस्पती-निरीक्षणाची जागा जोडलेली, मातीतली ओल झाडांच्या गरजेहून कमी झाली की विहीर बंद, भरून आली की चालू. मात्र तुलना करायची ती १९८४ ते १९८७ च्या पाहणीशी. म्हणजे उपशाने आधीच खालावलेल्या स्थितीला ‘मूळ’ मानले गेले. रोग्याचे वजन आजारपणात घेऊन तेच निरोगी वजन ठरवावे तसे.

याच तडजोडींतून खालच्या ओवेन्स नदीत पाणी आले. १०० किलोमीटर कोरडे पात्र, १९९७ च्या समझोत्यात दिलेली मुदत शहराने चुकवली, न्यायालयाने दिवसाला ५,००० डॉलर दंड लावला, तेव्हा कुठे ६ डिसेंबर २००६ ला दार उघडले. पात्रात कायम ४० क्युसेक वाहते आणि सरोवराच्या तोंडाशी पंप लावून त्यातले बरेच परत जलवाहिनीत घेतले जाते. अपेक्षा होती विलो आणि कॉटनवूडच्या राईची. वाढले काय? पाणकणसे. वर्षभर एकसारखा संथ प्रवाह दिला तर पाणकणसांचे फावते, पात्र बुजते; विलोचे बी रुजायला वसंतातला पूर आणि नंतर हळूहळू ओसरणारी ओली वाळू लागते. पूर सोडायचा तर पाणी लागते, आणि पाण्याचा हिशेब शहराचा.

म्हणून ‘पाणी परत द्या’ या घोषणेत मला फारसा रस नाही. मागणी लहान आणि नेमकी हवी. बिशप, बिग पाइन, इंडिपेंडन्स, लोन पाइन या चार गावांच्या कडेचे, रस्ता-नळ आधीच पोहोचलेले भूखंड शहराने विकावेत. अडीच लाख एकरांत हा तुकडा डोळ्यांत भरणारही नाही आणि खोऱ्याचे मोकळे रान मोकळेच राहील. धुळीवर वापरलेल्या पाण्यात बचत होईल तिचा ठरावीक वाटा खोऱ्यातच, पुरासाठी आणि कुरणांसाठी, राखावा. आज बचतीचा थेंबन्‌थेंब जलवाहिनीत जातो, त्यामुळे बिनपाण्याच्या उपायांकडे इन्योतली माणसे संशयाने पाहतात, आणि त्यांचे चुकत नाही. उपशाची तुलना १९७० पूर्वीच्या नोंदींशी व्हावी, जिथे त्या उपलब्ध आहेत.

यातले भूखंड आणि बचत यांचा निर्णय खात्याच्या आणि शहराच्या पातळीवर घेता येतो. पाय्यूट राखीव क्षेत्रांच्या पाण्याचा प्रश्न तसा सुटणार नाही. त्यासाठी लॉस एंजेलिसच्या मतपत्रिकेवर एक ओळ छापावी लागेल आणि तिला दर तीन मतदारांतल्या दोघांनी होकार द्यावा लागेल. १९३९ मध्ये जमिनी बदलताना हा प्रश्न बाजूला ठेवला होता. तो अजून तिथेच आहे.